न खणता सापडलेली चूल

आज दिवसभर आर्क्टिक प्रदेशातील एका शिकारी-संग्राहक वस्तीच्या चुंबकीय सर्वेक्षणाचा नकाशा पाहत बसले होते. करड्या पार्श्वभूमीवर नखाएवढा एक काळा-पांढरा ठिपका होता, आणि ती चूल असावी असे वाटताच मन भरून आले. विस्तवाच्या धगीने मातीतील लोहसंयुगांचे रूप बदलते, त्यामुळे राख वाऱ्यावर उडून गेली तरी त्या जागेचे चुंबकत्व आसपासच्या मातीहून वेगळे राहते.

तरीही एका ठिपक्यावर विसंबून चालत नाही, कारण लोहयुक्त दगडही तशीच खूण उमटवतो. म्हणून बारीक गिरमिटाने ठरावीक अंतरावर थोडी थोडी माती काढून तिच्यातील फॉस्फरस मोजतात. जिथे रेनडियर कापले, हाडे फोडली, खरकटे टाकले, तिथे तो साचून राहतो.

अमेरिकी पुरातत्त्वज्ञ लुईस बिनफर्ड यांनी 1969 नंतरच्या काही वर्षांत अलास्कातील नुनामिउत शिकाऱ्यांमध्ये राहून टिपले होते की चुलीभोवती बसलेल्या माणसांच्या पायाशी हाडांचे बारीक तुकडे पडतात आणि मोठी हाडे पुढे किंवा पाठीमागे भिरकावली जातात. ती मांडणी ठाऊक असली की मातीच्या आकड्यांना अर्थ येतो.

खणलेली जागा पूर्ववत होत नाही, आणि कायम गोठलेली जमीन उघडी पडली की वितळू लागते, म्हणून मला ही संयमी पद्धत मनापासून पटते. उद्या त्या ठिपक्याभोवतीचे फॉस्फरसचे आकडे नकाशावर मांडायचे आहेत.