फाउंड्रीत ‘ग्रोथ मॅनेजर’ काय करतो?

पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत असताना माझं गणित सरळ होतं. साइटवर किती जण आले, किती जणांनी नाव नोंदवलं, पैसे किती जणांनी भरले, टिकले किती. बटणाचा रंग बदलला तरी आठवड्याभरात आकडा बोलायचा. घरच्या कारणानं कोल्हापूरला परतलो आणि शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून सुटे भाग ओतणाऱ्या कारखान्यात, ग्रोथ मॅनेजर (धंदा वाढवणारा माणूस) म्हणून लागलो. हा हुद्दा मालकांच्या मुलानं काढलेला. मालकांची, म्हणजे अण्णांची, अपेक्षा एवढीच होती: "भट्टी रिकामी ऱ्हातीया, गिऱ्हाईक आणा."

गिऱ्हाईक आणायला मार्केटिंगची दोन माणसं आधीच होती. चाकण, भोसरी पालथं घालणारी, मेहनती. त्यांच्यावर मी तिसरा कशाला? म्हणून आधी कोटेशनच्या जुन्या फायली मागून घेतल्या. एन्क्वायऱ्या भरपूर दिसल्या, ऑर्डरी मोजक्या. ड्रॉइंग आलं की ते मेथड्सकडे, म्हणजे ओतकाम कसं करायचं ते ठरवणाऱ्यांकडे, जायचं, पॅटर्नचा (साचा उठवायच्या नमुन्याचा) खर्च उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्याकडून यायचा, मशिनिंगचा दर तिसऱ्याच माणसाकडून. तिन्ही कागद एकत्र होईपर्यंत समोरच्या खरेदीवाल्याचं दुसरीकडे ठरलेलं असायचं. हे सुधारणं तसं सोपं होतं. दर महिन्याला ताजे केलेले दरांचे तक्ते करून घेतले, बस्स.

खरं दुखणं वेगळं होतं. आमच्याकडे सगळा धंदा किलोवर चालतो. किलोला इतके रुपये, की झाला भाव. पण वजनानं सारख्या दोन कास्टिंगमध्ये (ओतीव भागांमध्ये) एक साधा ब्रॅकेट असतो आणि दुसऱ्यात आतल्या पोकळ्यांसाठी वाळूचे तीन-चार कोअर बसवावे लागतात. त्याचं फेटलिंग, म्हणजे ओतल्यानंतरची साफसफाई-घासकाम, किचकट, रिजेक्शन जास्त. शिवाय रनर-रायझरमध्ये, म्हणजे साच्यातल्या वाटांत आणि जादा साठ्यात, जाणारं लोखंड पुन्हा वितळवायचं, त्याची वीज वेगळीच. आणि आमची अडचण भट्टी नव्हतीच. वाळूचे साचे बनतात त्या मोल्डिंग लाइनवरून तासाला ठरावीकच बॉक्स (साच्यांच्या पेट्या) निघतात, त्यामुळे भट्टी थांबून राहायची. म्हणून प्रत्येक पार्टचा हिशेब ‘एका बॉक्समागे हातात काय उरतं’ असा मांडला. वजनाच्या यादीत मिरवणारे काही पार्ट त्यात थेट तळाला गेले.

अण्णांना ते पटेना. "आयुष्यभर किलोवर धंदा केला, आता तुम्ही बॉक्स मोजाय लागला." मला वाचवलं प्रॉडक्शनच्या काकांनी. ते म्हणाले, "अण्णा, ह्यो पोरगा म्हनतोय ते आमी शॉप फ्लोअरवर कायम म्हनतोय, पर आमचं कोन ऐकतंय?" त्यानंतर काही कामांचे दर वाढवून मागितले आणि काही एन्क्वायऱ्यांना चक्क नाही म्हटलं. वाढीच्या माणसानं ऑर्डर नाकारायची हे मार्केटिंगवाल्यांना अजून पचलेलं नाही.

नवीन गिऱ्हाईक हा फाउंड्रीत लांबचा रस्ता आहे. ड्रॉइंग, कोटेशन, त्यांच्या माणसांचं प्लांट ऑडिट, मग पॅटर्न, सॅम्पल, मापांचा रिपोर्ट, केमिस्ट्री, मायक्रोस्ट्रक्चर. गाड्यांच्या धंद्यातलं गिऱ्हाईक असेल तर आयएटीएफ 16949 चं (वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचं) प्रमाणपत्र आणि 18 घटकांचं पीपीएपी, म्हणजे पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं. हे सगळं पार पडून रेग्युलर शेड्यूल यायला महिनोन्‌महिने जातात. याउलट जुन्या गिऱ्हाइकाकडे व्हेंडर कोड (पुरवठादार म्हणून आमची नोंद) असतो, ऑडिट झालेलं असतं. म्हणून आधी त्यांनाच विचारत सुटलो: आणखी कुठलं कास्टिंग बाहेरून घेता? कच्चं घेऊन मशिनिंग दुसरीकडे करता का, तेही आम्ही करून दिलं तर? पहिली खरी वाढ तिथून आली.

वाढ आली तशी नवी डोकेदुखीही आली. स्क्रॅप आणि पिग आयर्नला, म्हणजे भट्टीत घालायच्या कच्च्या मालाला, पैसे लगेच मोजावे लागतात, विजेचं बिल महिन्याला येतं आणि मोठं गिऱ्हाईक निवांत तीन महिन्यांनी पैसे सोडतं. टनेज वाढलं आणि बँकेची सीसी (कॅश क्रेडिट, खेळत्या भांडवलाचं कर्ज) लिमिट संपत आली. 2006 च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचं बंधन आहे. पुढे प्राप्तिकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट मिळत नाही. कागदावर भक्कम. पण पुढच्या महिन्याचं शेड्यूल ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? आम्ही नाही केली. आता कोटेशनमध्येच मुदतीप्रमाणे दोन दर देतो, लवकर पैसे देणाऱ्याला कमी. काही जण घेतात, काही हसतात.

सध्या वाद मशिनिंगचा आहे. मुलाला स्वतःचं व्हीएमसी (संगणकावर चालणारं मशिनिंगचं) मशीन हवंय, अण्णा म्हणतात उद्यमनगरात जॉबवर्कवाले असताना कर्ज कशाला? मी दोघांकडे एकच कागद ठेवलाय: वर्षभरात बाहेर दिलेल्या मशिनिंगचं बिल, आणि त्या बाहेरच्या कामात लागलेल्या उशिरानं हुकलेले डिस्पॅच. अण्णांनी तो खिशात घालून ठेवलाय. उत्तर अजून यायचंय.