दोन दिवस स्क्रू पिळले, चूक भलतीकडेच

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्या दापोली तालुक्यातल्या बागाही झोपवून गेलं. पोफळी, माड, आंबे, सगळं आडवं. रस्ता मोकळा करायलासुद्धा कोयती पुरेना. त्यानंतर मी 58 सीसीचा चेनसॉ, म्हणजे इंजिनवर चालणारी साखळीची करवत, घेतला. आमच्याकडे त्याला कटरच म्हणतात.

यंदा मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने जुना रायवळ आंबा पडला. पावसाआधी फाटी करून पडवीत रचायची होती. कटर बाहेर काढला तर रेस देताच मान टाकायचा. गेल्या वर्षीचं पेट्रोल टाकीत तसंच ठेवण्याचा आळस नडला होता. कार्ब्युरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) उघडला तर आतला डायफ्राम, म्हणजे लवचिक पडदा, पापडासारखा कडक. बाजारातून किट आणलं आणि स्वतःच बसवलं.

आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. आता कटर चालू व्हायचा, पण स्लोवर, म्हणजे रेस न देता, अर्धा मिनिट गुरगुरून गुदमरायचा. रेस दिली की भकभक धूर. पूर्ण रेसवर लाकडात घातला तरी आवाज मोकळा होईना, घसा बसलेल्या माणसासारखा. प्लग काढला तर काळाकुट्ट, ओला, पेट्रोलचा वास मारणारा. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.

एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवला. चोकची पट्टी पूर्ण उघडते का पाहिलं, उघडत होती. सायलेन्सरच्या तोंडाची जाळीही काजळीने बुजते, ती घासली. फरक शून्य. मग धूर बघून मला वाटलं, पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल जास्त पडलं असणार. लिटरला 40 मिली टाकतो, ते 20 वर आणू या. नशीब, केलं नाही. किती ऑइल हे मशीनसोबतच्या पुस्तकात दिलेलं असतं, त्यात आपली अक्कल चालवायची नसते. शिवाय ऑइल वाढलं तर तेवढ्याच मिश्रणात पेट्रोल उलट कमीच जातं. धूर वाढतो, पण पेट्रोलचा पूर त्यामुळे येत नाही.

मग वळलो कार्ब्युरेटरच्या तीन स्क्रूंकडे. एल म्हणजे स्लो आणि रेसच्या सुरुवातीचं पेट्रोल, एच म्हणजे पूर्ण रेसचं, आणि तिसरा नुसता स्लोचा वेग ठरवणारा. एल आणि एच उजवीकडे फिरवले की पेट्रोल कमी, डावीकडे फिरवले की जास्त. मी एल आवळत गेलो, तरी बंद पडतोच. म्हणून स्लोचा वेग वाढवला, तर हात सोडल्यावरही साखळी फिरत राहिली. हे धोक्याचं, तेवढं कळलं आणि मशीन खाली ठेवलं. एच आवळायला हात शिवशिवत होते.

संध्याकाळी गावातल्या फिटरकाकांकडे घेऊन गेलो. पाण्याच्या पंपांवर आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी मशीनला हात न लावता विचारलं, "एल पूर्ण बंद केलास तर मशीन थांबतं?"

"नाही ना काका, तसंच धुरावत चालतं."

"मग पेट्रोल त्या स्क्रूतून येतच नाहीये. पिळतोयस कशाला? आणि एच आवळला असतास तर पिस्टन धरला असता, जाम झाला असता. कोणी उघडलं होतं हे?"

मी गप्प. त्यांनी चार स्क्रू काढून झाकण उचललं आणि माझ्याकडे बघितलं. कार्ब्युरेटरच्या या बाजूला आधी गॅस्केट (सांधा बंद करणारा कागदी थर), त्यावर डायफ्राम, मग झाकण. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाच्या, म्हणजे दुसऱ्या, बाजूला उलट: आधी पातळ डायफ्राम, मग गॅस्केट. मी दोन्हीकडे डायफ्राम आधी बसवला होता. गॅस्केटची ती कागदाएवढी जाडी मधे नव्हती, म्हणून डायफ्रामचं बटण तरफेला सतत दाबून धरत होतं, पेट्रोलची वाट बंद करणारी सुई उचललेली राहत होती आणि पेट्रोल आपलं येतंय ते येतंय. काकांनी तरफेचं टोक पट्टी लावून चेंबरच्या तळाशी समपातळीत आहे ना हेही पाहिलं.

सेटिंग मात्र त्यांनी मला करायला लावलं. दोन्ही स्क्रू हलकेच टेकेपर्यंत बंद (जोर लावला तर स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला खाच पडते), मग एकेक फेरा उघडे. तीन मिनिटं इंजिन गरम केलं. एल हळूहळू फिरवत स्लो सर्वात तेज होईल ती जागा धरली आणि तिथून थोडा डावीकडे. रेस झटक्यात दिल्यावर अडखळला नाही. मग साखळी थांबेपर्यंत स्लो उतरवला. शेवटी एच. काका म्हणाले, "कान दे." पूर्ण रेसवर, काही कापत नसताना, थोडी फडफड ऐकू आली पाहिजे. स्वच्छ, टोकदार किंचाळी आली तर पेट्रोल कमी पडतंय. आणि ही परीक्षा क्षणभरच, बिनओझ्याचं इंजिन तसं ताणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आंब्याच्या बुंध्यात घातला. लाकूड लागताच फडफड गेली आणि आवाज एकदम सरळ झाला. दोन टाक्या संपल्यावर प्लग काढला, चहाच्या रंगाचा. स्क्रूंच्या खाचा कुठे आहेत ते बायकोच्या नेलपॉलिशने झाकणावर टिपून ठेवलं. फाटी रचून झाली. बुंध्याचे दोन ओंडके राहिले, ते अजून अंगणात भिजतायत.