आमची वाटचाल: खरकट्यापासून भरड्यापर्यंत

२०१४ साली दहा माद्या आणि एक नर घेऊन आम्ही दोघा भावांनी जालन्याजवळ वराहपालन सुरू केलं. पहिली दोन वर्षं खाद्य म्हणजे शहरातल्या हॉटेलांचं खरकटं. फुकट म्हणायचं, पण टेम्पोचं भाडं होतं, उकळायला लाकूड लागायचं, आणि लग्नसराई संपली की डबे निम्म्यावर. पिलं नव्वद किलोची व्हायला वर्ष उलटायचं. धान्यावर यायचं ठरवलं तेव्हा वडील म्हणाले, "डुकराला मका घालणार? गावात काय तोंड दाखवायचं?"

तरी घातला. सिल्लोड-भोकरदनचा मका जवळ, लातूरची सोयापेंड गाडीवर मिळायची. वीस ते पन्नास किलोच्या पिलांसाठी शंभर किलोत मका ६५, सोयापेंड २२, गव्हाचा कोंडा १०, उरलेल्यात खनिज मिश्रण, मीठ आणि लायसीन (प्रथिनांमधला एक घटक, मांस धरायला लागतो). मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्केच, त्यातही लायसीन फार कमी. म्हणून नुसत्या मक्यावर पिलू चरबी धरतं, मांस धरत नाही. हे कळायला एक खेप लागली.

एका वर्षी मका महाग झाला आणि परतीच्या पावसात भिजलेली संकरित ज्वारी मोंढ्यात मातीमोल. दाणे जरा काळसर, पण वास चांगला. निम्मा मका काढून ज्वारी घातली. पिलं खात होती, वजन मात्र हलेना. शेवटी भावाने शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतलं. चाळणीत अख्खे दाणे! आमच्या हॅमर मिलची, म्हणजे धान्य भरडायच्या यंत्राची, जाळी सहा मिलीमीटरची. मका तिच्यात फुटायचा, ज्वारीचा बारीक दाणा तसाच खाली घसरायचा. म्हणजे आम्ही अर्ध्या कट्ट्याचे पैसे उकिरड्यावर टाकत होतो. तीन मिलीमीटरची जाळी बसवली आणि पुढच्या पंधरवड्यात फरक दिसला. नीट भरडली तर ज्वारी मक्याच्या फारशी मागे नाही. अगदी पीठ मात्र करायचं नाही, धूळ उडते आणि जठरात व्रण होतात.

हा भरडा बघून आसपासचे वराहपालक मागायला लागले. तिथून आमचं खाद्याचं दुकान सुरू झालं, ठरवून नव्हे.

सगळ्यात महागात पडला तो स्वस्त मका. दिवाळीच्या आसपास एका अडत्याकडून मळणीचा ताजा माल उचलला. कट्ट्यात हात घातला तर आत गरम लागत होतं, तरी घेतला. पंधरा दिवसांत कोवळ्या माद्यांची निरण (योनीमुख) सुजली, माजावर आल्यासारखी. डॉक्टरांनी पिलांना न बघता आधी मका बघितला: बुरशीचं विष, झिॲरालेनोन. तो माल बंद केल्यावर सूज उतरली. त्या माद्या अडीच महिन्यांच्या होत्या, माजावर यायचं वयच नव्हतं, हे आम्हाला दिसायला हवं होतं. आता ओलावा १४ टक्क्यांच्या वर असेल तर गाडी परत. मीटर बिघडला तर बाटलीत कोरडं मीठ आणि मूठभर मका टाकून हलवतो. मीठ काचेला चिकटलं की माल ओला.

डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने मर्यादा आणली, तसे इथेनॉलवाले मक्याकडे वळले आणि आमचं गणित कोलमडलं. २०२४-२५ ला मक्याचा हमीभाव २,२२५ रुपये क्विंटल होता, आणि खाद्याचाच खर्च एकूण खर्चाच्या दोन तृतीयांशाहून जास्त. गिऱ्हाइकांना भाव वाढवून सांगताना जीभ जड व्हायची.

सध्या बाजरी बघतोय. प्रथिनं मक्याहून जास्त, स्निग्धांशही बरा. दाणा ज्वारीहूनही बारीक, म्हणून दोन मिलीमीटरची जाळी मागवली आहे. तिसऱ्या गोठ्यातल्या बारा पिलांना मक्याच्या चौथ्या हिश्शाऐवजी बाजरी सुरू केलीय. भाऊ दर रविवारी वजन घेतो आणि अजूनही चाळणी धुऊन बघतो.