मेंडोटाचं पाणी आणि एक पिसू

शिकागोबद्दल काही लिहीत नाही. गर्दी, वारा, महागडा पिझ्झा, संपलं. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनला भाचीकडे मात्र मे अखेरीपासून ऑगस्टपर्यंत मुक्काम पडला आणि तिथल्या लेक मेंडोटाने मला आधी वेड लावलं, मग वैताग दिला.

सुमारे 40 चौरस किलोमीटरचं, 25 मीटर खोलीपर्यंत जाणारं हे सरोवर. हिवाळ्यात ते कधी गोठलं, कधी मोकळं झालं, याच्या नोंदी 1850च्या दशकापासून आहेत. (आमच्याकडे तळ्यातला गाळ शेवटचा कधी काढला, हे गावात कुणालाच धड सांगता येत नाही.)

"मामा, सकाळी बोटीत जागा आहे, येतोयस?" भाचीचा मित्र सरोवरांवर संशोधन करतो, त्याची बोट. जूनची सुरुवात असूनही मी स्वेटरमध्ये. त्याने काळी-पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडली. ती दिसेनाशी होते तिथली खोली नोंदवायची. थाळी जातेय, जातेय, तरी दिसतेच आहे! मग बारीक जाळी ओढून बाटलीत पाणी ओतलं आणि भिंग हातात दिलं. आत डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा, झटके देत पोहत होत्या. जेमतेम 2 मिलिमीटर, अंग काचेसारखं. आतलं धडधडणारं हृदय दिसतं, आतडं खाल्लेल्या शेवाळाने हिरवं, पाठीवरच्या पिशवीत अंडी. मी बाटली सोडेचना, शेवटी त्याने काढून घेतली.

त्याने सांगितलं ते असं. बर्फ वितळला की वारा पाणी वरखाली ढवळतो, तळातलं खत वर येतं, ऊन वाढतं, डायटम नावाचं सूक्ष्म शेवाळ फोफावतं. त्याच्यावर या पिसवा पोसतात. नरांशिवाय पिल्लं होत असल्याने संख्या भराभर वाढते आणि त्या पाणी अक्षरशः गाळून काढतात. मग खायलाच उरत नाही, त्या उपाशी मरतात. उरल्यासुरल्या पिसवांना माशांची पिल्लं खातात. तेवढ्या काही आठवड्यांपुरतं पाणी नितळ.

जुलैत मी खुशीत तळ्याकाठी खोली घेतली. 'लेक व्ह्यू'चे जादा पैसे मोजले आणि खिडकी बंद करून झोपलो. पाण्यावर हिरवी साय धरलेली, काठावर कुजका वास, पोहायला बंदीची पाटी. रंकाळ्याकाठी वाढल्यामुळे तो वास माझ्या चांगल्या ओळखीचा. हे निळं-हिरवं शेवाळ चिकट पुंजक्यांनी वाढतं, पिसवांना ते नीट खाता येत नाही, आणि काही जाती विषारीही असतात. मालकाला विचारलं तर म्हणाला, उन्हाळ्यात असंच असतं. मग मे महिन्यातला फोटो जाहिरातीत कशाला?

यात भर म्हणून 2009 मध्ये इथे युरोप-आशियातली काटेरी शेपटीची पाणपिसू सापडली. ती डॅफ्नियाच फस्त करते आणि काट्यामुळे लहान माशांना गिळता येत नाही. पाण्याची पारदर्शकता जवळपास एक मीटरने घटली. ती परत मिळवायची तर तळ्यात येणारा, शेवाळाला पोसणारा फॉस्फरस 71 टक्के कमी करावा लागेल, असा संशोधकांचा हिशेब आहे. तो येतो मुख्यतः आसपासच्या दुग्धशेतीच्या शेणखतातून. आणि विस्कॉन्सिनमध्ये गाईंविरुद्ध बोलायची कुणाची टाप आहे? मीही नाही बोललो. टेरेसवर तळलेले चीज कर्ड दोनदा मागवले, झकास होते.