बोर्डाला ऐकू येत नाही

व्हाइटबोर्डकडे तोंड करून लिहिता लिहिता बोलणारा माणूस आपलं अर्धं बोलणं बोर्डालाच ऐकवत असतो. लिहिताना गप्प राहावं, लिहून झालं की बाजूला सरकावं, वळावं आणि मग बोलावं. एवढं सोपं असूनही ते जमत नाही, कारण चार सेकंदांची शांतता बोलणाऱ्याला चार मिनिटांची वाटते. ऐकणाऱ्यांना मात्र ती हवी असते. तेवढ्यात त्यांचंही वहीत उतरवून होतं. स्लाइड एकदम येऊन आदळते, बोर्डावरचा विचार हाताच्या चालीने येतो.

म्हणून पूर्ण वाक्यं लिहूच नयेत. दोन-तीन शब्द, एक बाण, फार तर एक चौकट. अक्षराची उंची दर तीन मीटर अंतराला अडीच सेंटिमीटर धरावी; शेवटची रांग नऊ मीटरवर असेल तर साडेसात. एवढं मोठं लिहिताना मनगट पुरत नाही, हात खांद्यापासून फिरतो आणि ओळ कमानीसारखी वाकते. उपाय पायांत आहे: दोन शब्द झाले की एक पाऊल सरकायचं. घाईत शिरोरेघ गाळणाऱ्यांनी 'भ' आणि 'म'पुरती तरी ती जपावी, नाहीतर मागच्या रांगेत 'भार'चा 'मार' होतो.

बोर्डाचा खालचा तिसरा हिस्सा पुढच्यांच्या डोक्यांमागे जातो. तो कोराच बरा. डावीकडची अरुंद पट्टी मुद्द्यांच्या यादीला द्यावी आणि शेवटपर्यंत पुसू नये. मजकूर काळ्या किंवा निळ्या रंगात. लाल रंग अधोरेखनापुरता. हिरवा लांबून फिका पडतो. लाल-हिरव्यातला फरक काहींना दिसतच नाही, त्यावर अर्थ टांगू नये.

मार्कर आडवा ठेवावा. टोक वर करून उभा ठेवला तर शाई खाली उतरते आणि टोक कोरडं पडतं. संपलेल्या मार्करचं नशीब मात्र चमत्कारिक: प्रत्येक जण तो उचलतो, हलवतो, एक फिकट रेघ ओढून बघतो आणि पुन्हा ट्रेमध्येच ठेवतो, पुढच्यासाठी!

आणि चुकून परमनंट मार्करने लिहिलंच, तर डस्टरने घासत बसू नये. त्याच अक्षरांवर बोर्डाच्या मार्करने गिरवून ओलं असतानाच पुसावं. नव्या शाईतला द्रावक जुनी शाई सोडवतो. कधीकधी दोनदा गिरवावं लागतं.