खोपोली लोकल: डावीकडची खिडकी धरा

कर्जतला उतरलो तेव्हा पुण्याकडे जाणारी एक्स्प्रेस उभी होती आणि तिच्या मागे बँकर इंजिनं लागत होती. बोरघाटाचा चढ ३७ फुटांना १ फूट, त्यामुळे पुढचं इंजिन ओढतं आणि मागची रेटा देतात. जोडणीचा दणका डब्याडब्यातून पुढे सरकत गेला. तो ऐकत उभा राहिलो आणि तेवढ्यात माझी खोपोली लोकल सुटली. पुढच्या गाडीसाठी तासाहून जास्त थांबावं लागलं.

तेव्हा वेळा घरूनच बघून निघा, परतीची गाडीसुद्धा आधीच ठरवा. मुंबईहून थेट खोपोली लोकल मोजक्याच आहेत, एरवी कर्जतला गाडी बदलायची. तिकीट मात्र सुरुवातीलाच खोपोलीपर्यंतचं काढा.

कर्जतपासून पुढे १५ किलोमीटर एकेरी मार्ग, साधारण २५ मिनिटं. जाताना डावीकडे बसा. पळसदरीनंतर पुण्याचे रूळ डोंगराकडे चढत जातात आणि आपली गाडी पायथ्यानेच केळवली, डोलवली, लौजी करत खोपोलीला पोचते.

या मार्गाला सगळे फाटा म्हणतात, ते मला खटकतं. १८५६ मध्ये जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे खोपोलीपर्यंत आली तेव्हा हीच मुख्य लाइन होती. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण मधला घाट तसाच होता. लोक खोपोलीला उतरून पालखीने, तट्टावर नाहीतर बैलगाडीने घाट चढायचे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत बसायचे. पाच वर्षं हे असंच चाललं. घाटाचं कंत्राट घेतलेला सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. ते काम त्याची बायको अ‍ॅलिस हिने तडीस नेलं. त्या काळात हे केवढं मोठं! एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला आणि खोपोली बाजूला पडली.

गावात नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ आहे, ते चुकवू नका. पावसाळ्यात धबधब्याच्या पात्रात मात्र उतरू नका. वर डोंगरात सर आली की खाली पाणी एकदम चढतं. आणि परतताना खिडकी उजवीकडची धरा, सह्याद्री त्या बाजूला असतो.