ट्रॅक्टरच्या रेडिएटरवरून कम्प्युटरच्या रेडिएटरवर : आमची वाटचाल

वरूड तालुक्यातलं आमचं दुकान मुळात ट्रॅक्टर-जीपच्या रेडिएटर रिपेरिंगचं. बाबा पितळी टाकी उघडायचे, नळ्यांतून सळई फिरवून गाळ काढायचे, गळका सांधा झाळायचे आणि तोंडं बंद करून, हवा भरून रेडिएटर हौदात बुडवायचे. बुडबुडा दिसला की पुन्हा झाळकाम. पुढे प्लॅस्टिकच्या टाकीचे, ॲल्युमिनियमच्या कोअरचे रेडिएटर आले. ते कोणी दुरुस्त करत बसत नाही, बदलूनच टाकतात. काम आटत गेलं. मी अमरावतीला हार्डवेअर शिकून आलो होतो, म्हणून दुकानाच्या अर्ध्या भागात कम्प्युटर दुरुस्ती सुरू केली.

आमच्याकडच्या मोठ्या मशीन असतात फोटो स्टुडिओवाल्यांकडे. लग्नांचा हंगाम एप्रिल-मे आणि पारा पंचेचाळिशीला टेकतो तोही तेव्हाच. रात्रभर व्हिडिओ रेंडरला लावला की प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करतो, आणि सकाळी नवरीकडचे लोक पेनड्राइव्ह घेऊन दारात उभे. पंख्याचे मोठे कुलर लावून पाहिले, फरक पडला, पण जास्त कोअरच्या प्रोसेसरला ते पुरेना. दुसरा उपाय कस्टम वॉटर कूलिंग, म्हणजे ब्लॉक, पंप, नळ्या आणि रेडिएटर सुटे जोडून प्रोसेसरची उष्णता पाण्याने वाहून नेणं. त्याचं नवं सामान घ्यायचं तर त्या पैशात दुसरी मशीन येते. तेव्हा जुन्या सामानाकडे नजर वळली.

हे सामान मुंबई-पुण्याच्या गेमिंगवाल्या पोरांकडून येतं, आणि ते खराब झालं म्हणूनच निघतं असं नाही. इंटेलचं सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा, 2021 मध्ये 1700 नावाचं नवं आलं, तेव्हा कुलरच्या भोकांतलं अंतर 75 वरून 78 मिलिमीटर झालं. तीन मिलिमीटरपायी चांगला तांब्याचा ब्लॉक, म्हणजे प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी फिरणारा ठोकळा, अडगळीत गेला. आम्ही लेथवाल्याकडून पट्ट्या कापून घेतो आणि तोच ब्लॉक नव्या बोर्डावर बसवतो. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं ग्राफिक कार्डांवर चालणारं मायनिंग संपलं आणि जुन्या ग्राफिक कार्डांचा बाजार भरून वाहू लागला. कार्डावरचे फुल-कव्हर, म्हणजे अख्खं कार्ड झाकणारे, ब्लॉकही स्वस्त दिसतात, पण ते आम्ही सहसा घेत नाही. असा ब्लॉक त्या एका सर्किट बोर्डासाठीच कापलेला असतो. त्याच नावाचं दुसऱ्या कंपनीचं कार्ड असलं तरी कपॅसिटर आडवा येतो.

खरेदीचा नियम बाबांनी घालून दिला. "पयले धातू पाह्य, मंग भाव कर." तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे रेडिएटरचं वजन विचारलं तरी बरंच कळतं. आट्याच्या आत टाचणीने खरवडून पिवळं पितळ दिसतं की पांढरा धातू, म्हणजे ॲल्युमिनियम, याचा फोटो मागवतो. विकणारा कुरकुरला तर सौदा तिथेच सोडतो. पांढरा धातू आणि तांब्याचा ब्लॉक एका पाण्यात नको, हे आमच्या भागात कोणत्याही संत्रेवाल्याला पटकन समजतं. फवारणीसाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण केल्यावर त्यात लोखंडी विळा बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, चुना कमी पडला. पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर बसतं, तसंच ॲल्युमिनियमवरही बसतं आणि धातूला खड्डे पाडतं. शेवाळ होऊ नये म्हणून काही लोक कम्प्युटरच्या पाण्यातही मोरचुदाचे थेंब टाकत. त्या पाण्याच्या वाटेत ॲल्युमिनियम आलेलं असेल तर तो माल आम्हाला फुकटही नको.

आता धुण्याबद्दल, कारण दुकानाचा खरा वेळ इथेच जातो. रेडिएटरच्या पंखांमध्ये रुई, धूळ, बिडीचा धूर यांची चिकट गादी बसलेली असते. ती ब्लोअरने उलट बाजूने उडवायची. सर्व्हिसिंग सेंटरचा पाण्याचा फवारा मारला तर पातळ पंख आडवे होतात. आतून मात्र पाणीच लागतं. आधी गरम डिस्टिल्ड वॉटर भरून जोरजोरात हलवायचं. ते मलमलच्या फडक्यातून गाळलं की झाळकामाचा उरलेला फ्लक्स आणि काळे कण दिसतात. मग लिंबूसत्वाचं पातळ पाणी, फक्त तांब्या-पितळेला. त्यानंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने आंबटपणा मारायचा आणि फडकं कोरं निघेपर्यंत धुवत राहायचं. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरनेच. इथलं बोअरचं पाणी क्षारांचं. आरओच्या जारमध्येही थोडे क्षार उरतातच.

ब्लॉक उघडला की तांब्याच्या बारीक चिरा दिसतात, अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद. त्यात पांढरट मेणासारखं काही अडकलं असेल तर ते बहुतेक क्षार नसतात. मऊ पीव्हीसी नळीतलं प्लॅस्टिसायझर पाझरून तिथे साचतं. त्यावर लिंबूसत्व चालत नाही. भांड्यांचा साबण, गरम पाणी आणि मऊ ब्रश, एवढंच. हिरवं दिसलं तर शेवाळही असेल, तांब्याचा गंजही. निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकला आंबट पाण्यात मुरत ठेवायचं नाही, मुलामा उठतो. नुसता रंग उतरलेला असेल तर थंड करण्यात काही उणं येत नाही, पण गिऱ्हाइकाला ते पटवायला चहा पाजावा लागतो. ॲक्रिलिकच्या झाकणाला स्पिरिट किंवा थिनर लावला की आत केसासारख्या चिरा पडतात. जुन्या नळ्या आम्ही कधीच विकत नाही. ओ-रिंग प्रत्येक वेळी नवी. ईपीडीएम रबराच्या रिंगला साधं ग्रीस चालत नाही, ती फुगते, म्हणून सिलिकॉन ग्रीस वापरतो.

पाणी फिरवणाऱ्या पंपांमध्ये डी5 हे मॉडेल आमच्या आवडीचं. मोटरची गुंडाळी पाण्यापासून वेगळी असते, आतला चुंबकी रोटर हाताने उचलून बाहेर येतो, पुसता येतो. पंप कोरडा कधीच चालवायचा नाही, कारण बेअरिंगला वंगण त्या पाण्याचंच. शेवटी पूर्ण जोडणी झाल्यावर सायकलच्या पंपाने अर्धा बार हवा भरून गेज लावून ठेवतो. काटा हलला नाही तरच पाणी. हौदाची परीक्षा बाबा अजून करतात, सुट्या रेडिएटरची.

गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "भाऊ, याच्यात पानी टाकलं त मशीन कुलरसारखी गार होईन ना?" नाही होत. खोलीतला कुलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो, आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते जमतंही छान. कम्प्युटरचं पाणी बंद नळीत फिरतं, त्याची वाफ होत नाही. ते उष्णता रेडिएटरपर्यंत नेतं, तिथून हवा नेते. खोली 42 अंशांवर असेल तर पाणी त्याच्या वरच राहणार. डी5 पंपातलं पाणी 60 अंशांच्या खालीच असावं लागतं, म्हणजे मे महिन्यात हाताशी अंतर फार उरत नाही. म्हणून आम्ही 240 मिलिमीटरच्या (दोन पंख्यांच्या) जागी 360 चा (तीन पंख्यांचा) रेडिएटर सुचवतो आणि मशीन कुलरच्या खोलीत ठेवा म्हणतो. फक्त थेट झोतासमोर नको, खसातून उडणारे थेंब क्षार घेऊन येतात. ज्याचं काम बिलं आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याचं आहे, त्याला हे सामान विकायला आम्ही साफ नकार देतो. पंख्याचा कुलर त्याला जन्मभर पुरेल.

सध्या जुन्या सामानावर सहा महिन्यांची हमी देतो, त्यात पंप आणि गळती दोन्ही. वर्षातून एकदा पाणी बदलायला मशीन दुकानात आणावी लागते, शक्यतो मार्चमध्ये, उन्हं तापायच्या आत. कारखान्यातूनच पाणी भरून येणारे सीलबंद एआयओ (ऑल-इन-वन) कुलर मात्र आम्ही घेतही नाही, विकतही नाही. त्यातलं पाणी रबरी नळीतून वर्षानुवर्षं थोडंथोडं झिरपून कमी होतं, बऱ्याचशांत ते पुन्हा भरायला तोंडच नसतं, आणि आत किती उरलंय ते बाहेरून कळत नाही. तुमच्याकडे तांब्या-पितळेचा रेडिएटर किंवा डी5 पंप पडून असेल तर पाणी पूर्ण काढून, तोंडांना बूच लावून पाठवा. ट्रॅव्हल्सच्या पार्सलमध्ये ओला पंप बाकीच्यांचं सामान भिजवतो, आणि त्याची भरपाई मग आमच्याकडून मागतात.